बोटभर कमी

पोरगं दहा वर्षांचं असेल. नवा लाल टी-शर्ट, तेल चोपडून एका बाजूला पाडलेला भांग, पायात शाळेचेच काळे बूट. पंचेचाळीस मिनिटं रांगेत सरकत सरकत ते मोठ्या रोलर कोस्टरच्या शेवटच्या फाटकाशी पोचलं. डोक्यावरून गाडी गेली की सगळा मांडव थरथरायचा, आणि तेवढा वेळ ते बापाचा शर्ट मुठीत धरायचं. फाटकावरच्या पोऱ्याने त्याला खांबाला टेकून उभं केलं. खांबावर १४० सेंटिमीटरला आडवी लाल पट्टी. "बूट काढ. टाच टेकव. हनुवटी खाली." तेल लावलेल्या केसांवर त्याने सपाट हात ठेवला, आणि तो हात पट्टीच्या खाली राहिला. बाप हात जोडल्यासारखं करत म्हणाला, "बोटभर तं कमी शे भाऊ, जाऊ द्या ना." पोऱ्या हसला, पण मान हलवली नाही. मागची रांग पुढे सरकली आणि दोघं बाजूच्या लोखंडी जिन्याने खाली उतरले. पोरगं रडलं नाही. बूट हातातच धरून मोज्यांवर चालत गेलं, ते डोळ्यांसमोरून हलत नाही.

नियमाचं काही चुकलं नव्हतं. रांगेच्या अगदी तोंडाशीही तसलाच खांब होता. पण त्या वेळी पोरगं पुढे पळालेलं, आणि बाप फोन कानाला लावून "आम्ही आत घुसलो, तुम्ही कोठे?" करत होता. अमळनेरकडचा माणूस, बोलण्यावरून कळतच होतं. जत्रेत अशी मोजपट्टी नसते. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत पाळणेवाला पोराची उंची बघत नाही, तोंड बघतो. भ्यालेलं दिसलं तर बापाला म्हणतो, मांडीवर घ्या. आकाशपाळण्याचे पैसे वेगळे, मौत का कुआँचे वेगळे, घोडे बघायचे फुकट. खिशात हात घालत, जमेल तसं, जमेल तितकं. मध्येच जिलेबी. पैसे संपले की तापीच्या वाऱ्यात घरचा रस्ता धरायचा. आपल्या खानदेशातली माणसं पहिल्यांदा थीम पार्कात जातात ती हीच चाल घेऊन, आणि तिथेच फसतात. कारण पार्काचा हिशोब उलटा असतो.

पैसे दारातच संपतात. आत मिनिटं खर्ची पडतात.

यात लाजण्यासारखं काही नाही. थीम पार्कांची थोरली आई म्हणावी अशा अमेरिकेतल्या डिस्नीलँडनेही जत्रेचाच हिशोब धरला होता. ते १७ जुलै १९५५ ला उघडलं. पहिल्याच दिवशी खोट्या पासांवर शिरलेली गर्दी, अंगाची लाही करणारं ऊन, पिण्याच्या पाण्याचे नळ अपुरे, आणि नुकतंच टाकलेलं डांबर इतकं मऊ की बायकांच्या चपलांच्या टाचा त्यात रुतत होत्या. पुढे कित्येक वर्षं तिथे कुपनांची वही मिळायची, लहान पाळण्याला एक कुपन, मोठ्याला दुसरं. ती वही १९८२ मध्ये बंद झाली आणि दारात एकच तिकीट, आत काहीही बसा, असं झालं. आज आपल्या देशातले मोठे पार्क त्याच वळणाचे आहेत. माणसाला वाटतं, तिकीट काढलं म्हणजे सगळं आपलं. सगळं आपलं असतं, फक्त दिवस तेवढा पुरत नाही.

तेव्हा घरीच कागदावर मांडावं. पार्क सकाळी अकराला उघडून सात-आठला बंद होतं असं धरलं, तर हातात आठ-साडेआठ तास, म्हणजे पाचशे मिनिटं. जेवण, पाणी, बाथरूम आणि पोरांच्या कुरबुरीचे शंभर काढा. उरली चारशे. गर्दीच्या दिवशी एका मोठ्या राइडला चाळीस मिनिटं रांग, पाच मिनिटं बसणं-उतरणं, दहा मिनिटं पुढच्या ठिकाणी चालणं. पंचावन्न झाली. चारशे भागिले पंचावन्न, सात. नकाशावर पंचवीस राइड दिसत असल्या तरी तुमच्या वाट्याला मोठ्या सातच आहेत. आणि शिर्डीचं दर्शन उरकून, किंवा नातेवाइकांकडचं लग्न आटोपून, दुपारी दोनला पोचत असाल तर चार. हे आकडे आधी डोक्यात असले की आत गेल्यावर भांडण होत नाही. घरातल्या प्रत्येकाने एकच राइड सांगावी, 'ही झाली नाही तर आलो कशाला' अशी. पाच माणसांच्या पाच होतात, त्यात दोन सारख्या निघतात, म्हणजे चार. त्या चार झाल्या की बाकीचा दिवस वरकमाई. सगळं बघायला निघालेली माणसं संध्याकाळी नकाशा घडी घालून फक्त काय राहिलं ते मोजत बसतात.

दिवस कोणता धरायचा, यात खानदेशी माणसाची दोनदा चूक होते. पहिली, दिवाळीची सुट्टी आणि २५ डिसेंबर ते १ जानेवारी. तेव्हा अख्खा महाराष्ट्र आणि निम्मं गुजरात तिथेच असतं. दुसरी चूक जरा शहाणपणाची वाटते, म्हणून जास्त बोचते. 'शनिवार-रविवार नको, आपण बुधवारी जाऊ' म्हणून जानेवारीतला बुधवार धरायचा आणि गेटावर तीस बस उभ्या दिसायच्या. डिसेंबर-जानेवारी हे शाळांच्या सहलीचे महिने, आणि सहल आठवड्याच्या मधल्या दिवशीच निघते. अशा दिवशी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सहलीच्या पोरांना मास्तरांनी वेळ बांधून दिलेली असते, त्यांना लांब गावी परत जायचं असतं. दुपारी ती जेवायला बसली आणि संध्याकाळी बस सुटायची वेळ झाली की रांगा एकदम वितळतात. ते दोन-अडीच तास मोठ्या राइडना ठेवावेत. शाळा उघडल्यानंतरचा जून-जुलै रिकामा असतो, पण खोपोलीजवळचं इमॅजिका पार्क सह्याद्रीच्या पायथ्याला, आणि तिथला पाऊस आपल्या पावसासारखा नाही. आपल्याकडे ढग येतात, विचार करतात, निघून जातात. तिकडे तो दिवसभर उभाच असतो, आणि विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या उंच राइड थांबवतात. ते योग्यच आहे. चाळीस मीटर उंच लोखंडावर तेव्हा कुणी बसूही नये.

उन्हाचं तर विचारूच नका. जळगाव-भुसावळच्या ४४-४५ अंशांत वाढलेला माणूस तिकडच्या ३५ ला हसतो आणि दुपारी तीनला सावलीत आडवा पडलेला असतो. आपलं ऊन कोरडं. घाम सुटतो तसा वाळतो, अंग गार होतं. घाटाखाली, कोकणच्या अंगाला, हवेतच पाणी इतकं की घाम वाळत नाही, नुसता वाहतो. अंग गार होत नाही आणि पाणी मात्र जातं. डोकं चढतं, पोटात ढवळतं, आणि दोष राइडला जातो. तासाला प्रत्येकी अर्धा लिटर पाणी, आणि दोनदा तरी मीठ-साखर-लिंबाचं किंवा ओआरएसचं. गळ्यातला रुमाल भिजवून मानेवर टाकण्याची आपली सवय तिथेही कामाला येते, तिची लाज वाटू देऊ नये.

पोचण्याचं गणित उलटीकडून मांडावं लागतं. इमॅजिका २०१३ मध्ये खोपोलीजवळ सुरू झालं तेव्हापासून आपल्याकडच्या बहुतेकांची पहिली फेरी तिकडेच होते. नंदुरबार-दोंडाईचाकडच्यांना सुरत लाइन सोयीची, धुळ्याच्या माणसाला शिर्डीचं वॉटर पार्क जवळ, हे आहेच. पण जळगाव-भुसावळहून रेल्वेने निघायचं तर रात्रीची मुंबईकडची गाडी, पहाटे कल्याण, तिथून कर्जतकडची लोकल. कर्जतपर्यंत गाड्या बऱ्याच, खोपोलीच्या मोजक्याच. तेव्हा ती वेळ आधी बघून ठेवायची, नाहीतर कर्जतच्या फलाटावर तासभर वडापाव खात बसायचं. स्टेशनवरून पुढे रिक्षा जाताना सहज मिळते. परतीचं मात्र त्याच रिक्षावाल्याशी तेव्हाच बोलून ठेवावं. आणि रात्रीची परतीची गाडी कल्याणहून धरायची असेल तर पार्कातून निघण्याची वेळ तिच्या आधी तीन तास. दोन तासांत होतं, पण भिजलेली पोरं, हरवलेला एक बूट आणि चुकलेली लोकल यांना एक तास द्यावाच लागतो. गाडी रात्रभर चालवत नेण्याचं वेड काहींना असतं. जळगावपासून रस्त्याने चारशेच्या वर किलोमीटर. न झोपलेला ड्रायव्हर हा त्या दिवसातला सगळ्यात धोक्याचा पाळणा, आणि न झोपलेलं पोर पहिल्याच गिरकीत ओकतं. आदल्या संध्याकाळी पोचून कर्जत-खोपोलीत रात्र काढली तर खर्च वाढतो खरा, पण दिवस हाती लागतो.

आता उंची. निघण्याच्या आधी पोराला दाराच्या चौकटीला उभं करावं, अनवाणी, टाचा, पाठ आणि डोकं लाकडाला टेकवून. डोक्यावर जाड पुस्तक आडवं धरावं, पेन्सिलीने रेघ मारावी आणि टेपने मोजावं. शाळेच्या प्रगतिपुस्तकातल्या उंचीवर जाऊ नये, ती जूनमधली असते आणि अंदाजपंचे लिहिलेली असते. मग पार्काच्या वेबसाइटवर राइडनिहाय उंची बघावी. मोठ्या कोस्टरला साधारण १४० सेंटिमीटर लागतात, मधल्यांना कमी, लहानग्यांच्या पाळण्यांना उलट, वरची मर्यादाही असते. हा नियम पोराच्या धैर्याचा नाही, कुलपाचा आहे. छातीवर किंवा मांडीवर येऊन बसणारी ती दांडी मोठ्या माणसाच्या हाडांच्या मापाने बेतलेली असते. माप लहान असलं की दांडी शेवटच्या खाचेत बसूनही आत पोकळी राहते, आणि गाडी उलटी झाली की अंग त्या पोकळीतून सरकतं. बाप शेजारी घट्ट धरून बसेल, हे तिथे चालत नाही. ताशी शंभर किलोमीटरवर गाडी वळते तेव्हा बापाला स्वतःचा हात मांडीवरून उचलता येत नाही, तो पोराला काय धरणार.

आणि एक गंमत. माणूस सकाळी उंच असतो. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी धरून फुगतात. दिवसभर उभं राहून, चालून त्या दबतात. सकाळ-संध्याकाळचा फरक सेंटिमीटरभर, कधी त्याहूनही जास्त पडतो. पोर अगदी काठावर असेल तर त्याची मोठी राइड सकाळी गेट उघडल्या उघडल्या पहिली. चौकटीवरची रेघ मात्र संध्याकाळी मारावी. संध्याकाळी पुरलं तर दिवसभर पुरेल.

रांग किती वेळाची आहे हे पाटीवर लिहिलेलं असतं, पण स्वतः मोजता आलेलं बरं. एका गाडीत माणसं किती, ते बघावं. समजा सात ओळी, प्रत्येकी चार, म्हणजे अठ्ठावीस. मग घड्याळ लावून दोन गाड्या सुटण्यातलं अंतर बघावं. तीन मिनिटं असेल तर तासाला वीस गाड्या, पाचशे साठ माणसं. आपल्यापुढे दोनशे ऐंशी डोकी असतील तर अर्धा तास. डोकी एकेक मोजायची नाहीत. कठड्याच्या एका पट्ट्यात किती मावतात ते मोजायचं आणि पट्ट्यांनी गुणायचं, शेतात एका सरीतली रोपं मोजून एकराचा अंदाज काढतात तसं. दोन गाड्यांपैकी एकच सुरू असेल तर वेळ जवळपास दुप्पट, हे तर आधीच बघून ठेवावं. पुष्कळदा दुसरी गाडी गर्दी वाढल्यावर रुळावर आणतात, म्हणून रिकाम्या दिवसाची सकाळही कधी कधी संथ वाटते.

गेट उघडताच सगळी गर्दी पहिल्या दिसेल त्या राइडला चिकटते. आणि फोटोला. आपण थांबायचं नाही. रात्रीच नकाशा बघून ठेवलेला असतो, पाय तडक सगळ्यात लांबच्या मोठ्या कोस्टरकडे. पहिल्या तासात जे दोन-तीन होतं ते दुपारी तीन तासांत होत नाही. बंद होण्याच्या वेळेचंही असंच आहे. शेवटच्या अर्ध्या तासात मिरवणूक आणि खरेदी चाललेली असते, मोठ्या राइडची रांग आखडते, आणि रांगेत आधी शिरलेल्याला बहुतेक ठिकाणी बसू देतात. अर्थात तुमची लोकल वाट बघणार नसेल तर हे सोडून द्या. जास्त पैसे देऊन रांग टाळण्याचं एक्सप्रेस तिकीटही मिळतं. साध्या दिवशी ते नुसतं ओझं. पण हातात चारच तास असतील आणि गर्दी असेल तर घरातल्या ज्या दोघांना खरंच मोठ्या राइड हव्यात त्यांच्यापुरतं घ्यावं. बाकीच्यांना ते वापरताच येत नाही.

पहिल्यांदा बसणाऱ्याला सगळ्यात भीती वाटते ती चढणीची. साखळी गाडी वर ओढते आणि खालून कट-कट-कट आवाज येतो. तो आवाज मोडण्याचा नाही, राखणीचा आहे. सायकलचं पायडल थांबवलं की मागच्या चाकात जी टिकटिक होते तिचाच हा थोरला भाऊ. पोलादी खिट्टी दात्यावर दात्यावर पडत जाते, म्हणजे साखळी तुटली तरी गाडी मागे घरंगळत नाही. माथ्यावर साखळी सुटते, आणि तिथून पुढे अशा कोस्टरला इंजिन नसतं. जी उंची कमावली तीच खर्च करत गाडी शेवटपर्यंत येते. मध्येच चढणीवर गाडी थांबली तर लगेच देवाचा धावा करू नये. पुढची गाडी आपला टप्पा सोडत नाही तोवर मागचीला सिग्नल मिळत नाही. भुसावळच्या माणसाला हे सांगायची गरज नाही, आउटरला गाडी का थांबते ते त्याला ठाऊक असतं. बसायचं कुठे? पुढच्या ओळीत वारा आणि खालची दरी, मागच्या ओळीत झटका. गाडीचं तोंड उताराला लागलं तरी शेपूट अजून चढणीवर असतं, ते पुढच्यांच्या ओढीने भरधाव माथ्यावरून खेचलं जातं आणि बसलेला माणूस सीटवरून उचलला जातो. भित्र्याने मधली ओळ घ्यावी. डोकं मागच्या उशीला टेकवावं, जबडा घट्ट ठेवावा, डोळे उघडे ठेवून गाडी जाते तिकडे बघावं. कोस्टरवर डोळे मिटले की जास्त गरगरतं, कारण कान सांगतो हललो आणि डोळा सांगतो काहीच नाही. पडद्यासमोरच्या हलत्या खुर्च्यांवर मात्र उलटं. तिथे डोळ्याला वाटतं आपण उडतोय आणि अंग जागेवरच असतं. ढवळायला लागलं की डोळे मिटावेत, दोन मिनिटांत थांबतं.

पोटाचा विषय निघालाच आहे. बाहेरचं खाणं बहुतेक पार्कांत आत नेऊ देत नाहीत, तान्ह्याचं अन्न आणि औषधं सोडून. हे माहीत नसतं म्हणून गेटाबाहेरच्या कट्ट्यावर, अकराच्या उन्हात, कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि वांग्याच्या भरिताचा डबा घाईघाईने संपवणारी कुटुंबं दिसतात. फेकायचा कसा, म्हणून प्रत्येकाच्या पोटात एकेक भाकरी जास्त जाते. आणि अर्ध्या तासाने तीच माणसं उलट्या लटकणाऱ्या पाळण्यावर. भरीत चांगलंच असतं, वेळ चुकते. तिखट, तेलकट आणि भरपेट असेल तर राइड आणि जेवण यांत दीड तास हवा. नऊ-साडेनऊला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, वर एक केळं, एवढं पुरे. दुधात पीठ भिजवून केलेली दशमी गाडीत टिकते, हात माखत नाही. केळ्याचं आपल्याला काही वाटत नाही, रावेर-यावलच्या केळीच्या ट्रकांमागून गाडी चालवून कंटाळा आलेला असतो. पण अशा दिवशी पोटाला त्याहून सोसणारं दुसरं काही नाही. अगदी रिकाम्या पोटीही बसू नये, ते जास्त ढवळतं. आतलं जेवण पावणेबाराला किंवा अडीचनंतर. एक ते दोनमध्ये जेवणाच्या रांगेत उभं राहणं म्हणजे एक राइड फुकट घालवणं, आणि नेमक्या त्याच वेळी राइडच्या रांगा आखडलेल्या असतात.

कपड्यांचं थोडक्यात. जीन्स भिजली की संध्याकाळपर्यंत वाळत नाही आणि मांड्या सोलते. नवे बूट नकोत, मागे पट्टा नसलेली चप्पल नको. काही कोस्टरना पायाखाली तळच नसतो, तिथे चपला काढून ठेवाव्या लागतात. पाणी उडवणाऱ्या राइड भर दुपारी, संध्याकाळी नाही. मोज्यांचा एक सुका जोड प्लास्टिकच्या पिशवीत. ओल्या मोज्यांत तासभर चाललं की टाचेला फोड येतो आणि मग सगळ्या घराचा वेग त्या एका टाचेचा. वॉटर पार्कात सुती कपडे चालत नाहीत यावरून गेटावर वाद घालण्यातही अर्थ नाही. सुताचे तंतू सुटून गाळणीत अडकतात, कापड पाणी पिऊन लोंबतं आणि घसरगुंडीच्या सांध्यांत धरतं, चेन आणि धातूची बटणं तिला ओरखडे पाडतात. नायलॉनचे कपडे घरून न्यावेत, तिथे भाड्याने घ्यायची वेळ आणू नये. आणि वॉटर पार्क व कोरडं पार्क एकाच दिवशी कधीच नाही. पैसे वाचल्यासारखे वाटतात, पण दोन्हीकडची अर्धीअर्धी रांगच पदरात पडते.

प्रत्येक पार्कात, प्रत्येक मोठ्या राइडच्या खाली, एक बाक असतो. त्यावर आजी बसलेली असते.

नऊवारी किंवा गुलाबी सहावारी, डोक्यावर पदर. मांडीवर तीन मोबाइल, एकाचा दिवा सारखा पेटत-विझत. पायाशी सहा चपला जोडीने लावलेल्या, पिशवीत पाण्याच्या बाटल्या आणि ओला टॉवेल. बोटात गॉगल अडकवलेला, कारण ठेवायला जागा राहिली नाही. "तुम्ही जा रे, मी बठस आठे," असं सकाळी म्हणालेली असते. दर वेळी गाडी वरून किंचाळत गेली की ती मान वर करून बघते, आपला कोणता ते ओळखू येत नाही, तरी हात थोडा उचलते. तिचंही तिकीट काढलेलं असतं. ज्येष्ठांची सवलत धरली तरी कमी नाही. जत्रेतही पिशव्या तीच सांभाळायची हे खरं, पण जत्रेत तिला देऊळ होतं, बांगड्यांचं दुकान होतं, ओळखीची चार माणसं भेटत होती. इथे बाक आहे. लॉकर भाड्याने मिळतात. एका लॉकरच्या पैशात आजी मोकळी होते. मग तिला हळू चालणाऱ्या गाडीत, अंधारातल्या बाहुल्यांच्या बोटीत, एसीतल्या नाचगाण्याच्या खेळाला घेऊन जाता येतं. आजारी हृदय, कंबरेचं ऑपरेशन किंवा पोटात बाळ असेल तर मोठ्या राइड नाहीतच. पण नाहीत म्हणजे बाकच, असं नाही. आईबापांनीही एक विचारून घ्यावं. लहान पोर खाली ठेवून एक जण आधी आणि दुसरा नंतर, पुन्हा रांग न लावता, अशी अदलाबदल बऱ्याच पार्कांत करू देतात. पाटीवर नसतं, फाटकावरच्या माणसाला विचारावं लागतं.

हरवण्याची भीती जत्रेपेक्षा कमी, पण असतेच. सकाळी गेटावर प्रत्येक पोराचा उभा फोटो घ्यावा, त्या दिवशीच्या कपड्यांत. घाबरलेल्या आईला शर्टाचा रंग आठवत नाही. खिशात नंबराची चिठ्ठी. भेटायची जागा गेट नको, तिथे सगळेच असतात. सावलीतलं एखादं झाड, एखादा पुतळा, पोरानेच निवडलेला.

त्या लाल टी-शर्टवाल्याचं पुढे बरं गेलं. बोटीतून भिजून आला, छोट्या कोस्टरवर तीनदा बसला, तिसऱ्यांदा हात वर करून. संध्याकाळी बंद व्हायच्या सुमाराला सगळं कुटुंब परत त्या मोठ्या कोस्टरच्या खाली आलं. आजीच्या मांडीवरचे मोबाइल एकेक करून परत जात होते. तेवढ्यात ते पोरगं हळूच सटकलं आणि रांगेच्या तोंडाशी, ज्या खांबाजवळून सकाळी पळत गेलं होतं, त्याला पाठ लावून उभं राहिलं. बूट काढले, टाचा टेकवल्या, हनुवटी खाली घेतली. कुणी सांगितलं नव्हतं. त्याचे आजोबा, आबा, मागून आले, डोक्यावर आडवा तळवा ठेवला, चष्मा सारखा केला, वाकून बघितलं. सकाळी बोटभर होतं ते आता दीड बोट भरत होतं. त्यांनी पुन्हा एकदा तळवा नीट ठेवून पाहिला, मग खांबाला वरपासून खालपर्यंत हात लावून चाचपलं.

"कोनी तरी ही काठी वर सरकाई दिधी," आबा म्हणाले. पोराने मान हलवली आणि बूट घालायला खाली बसलं.